युनिटच्या नावाबद्दल

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

युनिफॉर्म शिलाईच्या युनिटचं रजिस्ट्रेशन दादाच्या नावावर करू म्हणालीस. "नाव कुणाचं का असेना, बघणार तर मीच." बाबा समोर होते म्हणून फोनवर बोलले नाही.

आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला अहमदनगरच्या हुसेन निजामशहानं लेकीच्या लग्नात आंदण दिला होता. ही लेक म्हणजे चांदबिबी. 1565 च्या तालिकोटच्या लढाईआधी ती विजापूरच्या अली आदिलशहाला दिली. नवऱ्यामागं तिनं विजापूर सांभाळलं, 1595-96 मध्ये मोगलांचा वेढा पडला तेव्हा अहमदनगर लढवलं. पण तख्तावर दोन्हीकडं लहान पोरंच, विजापुरात पुतण्या इब्राहिम, नगरला बहादूर. कर्तबगारी तिची आणि राज्य त्यांचं!

ताराबाईंचं तर याहून वाईट झालं. 1700 पासून औरंगजेबाला त्यांनी जेरीस आणलं, गादीवर मात्र मुलगा शिवाजी. 1714 मध्ये सवत राजसबाईंनी आपला संभाजी गादीवर बसवला आणि मायलेक दोघंही कैदेत गेले. मुलाची गादी गेली तशी आईची सत्ताही गेली. हे वाचलं की मला अजून राग येतो.

1236 मध्ये दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या रझियानं नाणी स्वतःच्या नावानं पाडली. वारंगळच्या रुद्रमादेवीला बापानंच वारस केलं, तरी शिलालेखांत ती रुद्रदेव महाराज! पूर्व भागातल्या तेलुगू काकूंना विचार, अभिमानानं सांगतील. पुरुषी नाव घ्यावं लागलं हे मला खटकतं, पण गादी तिचीच होती.

तुझ्या आजीला इंग्लंडच्या एलिझाबेथचं भारी कौतुक. पण बाईंना भाऊ नव्हता म्हणून 1952 मध्ये राज्य मिळालं. धाकटा भाऊ असता तरी तोच पुढं गेला असता. तिथला कायदा 2015 मध्ये बदलला. म्हणून आता एलिझाबेथच्या पणतीचा, शार्लटचा, नंबर धाकट्या भावाच्या, लुईच्या आधी लागतो. त्यांनी बदललं, आणि तू आपण होऊन दादाला पुढं करतेस?

दादा वाईट नाही गं. उद्या त्याचं लग्न होईल, कर्ज काढेल, बँक सही त्याचीच मागेल. त्याच्याशी बोलले मी, "सुटलो" म्हणाला. बाबांना मी बघते.

पॅन, आधार आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठव. गाळा माझ्या नावावर आहे, संमतिपत्र मी देते. आणि ओव्हरलॉक मशीनचं कोटेशन दोन ठिकाणांहून घे, पहिल्यानं भाव चढवून सांगितलाय.

तुझी,
आई