पीटवरच्या पवनचक्क्या : आधी सळई, मग यंत्र

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पवनऊर्जेची चर्चा आपल्याकडे वारा, पाती आणि युनिटचा दर यांभोवतीच फिरते. चक्की ज्या जमिनीवर उभी राहते तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. सातारा-पाटणच्या सड्यांवर थोड्याशा मातीखाली जांभा लागतो. स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या डोंगरमाथ्यांवर मात्र कित्येक मीटर पीट असते. तिकडे कामाला जाणारे आपले तरुण अभियंते मुरूम, काळी माती आणि बेसॉल्टवर शिकलेले असतात, म्हणून हे पत्र.

पीट हा चिखल नव्हे. पाण्यात अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा तो थर असतो आणि त्याच्या वजनात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. वर्षाला तो जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. तीन मीटरचा चाचणी खड्डा घेतला की तीन हजार वर्षे उपसली जातात.

आयर्लंडमधल्या गॉलवे परगण्यात डेरीब्रायन येथे १६ ऑक्टोबर २००३ रोजी पवनचक्क्यांचे बांधकाम चालू असताना साडेचार लाख घनमीटरच्या आसपास पीट सरकले. ते नदीत उतरले आणि सुमारे ५० हजार मासे मेले. पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन नीट न केल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये आयर्लंडला दोषी धरले. तो निकाल न पाळल्याबद्दल २०१९ मध्ये ५० लाख युरो दंड झाला, शिवाय पूर्तता होईपर्यंत दररोज १५ हजार युरो. २०२२ मध्ये तिथल्या सत्तरही चक्क्या बंद झाल्या.

म्हणून जागेच्या तपासणीची पहिली फेरी पायीच व्हायला हवी. एकेक मीटरच्या जोडसळया हाताने दाबत १०० मीटरच्या जाळीवर खोली मोजायची. मग चक्कीच्या पायाजवळ दर १० मीटरवर, आणि रस्त्याच्या रेषेवर दर ५० मीटरला, दोन्ही बाजूंना १० मीटर सरकून. सळई अडली म्हणजे खडक लागला असे समजू नये. पीटमध्ये गाडले गेलेले पाइनचे ओंडके असतात, त्यांवरही ती अडते. उलट तळाला मऊ चिकणमाती असेल तर सळई तिच्यातही घुसते आणि पीट आहे त्याहून खोल दिसते. म्हणून ठरावीक ठिकाणी अर्धगोल कोररने नमुना काढून ताळा घ्यावाच लागतो.

नमुना हातात आला की मूठभर पीट पिळून पाहायचे. स्वच्छ पाणी निघाले तर फॉन पोस्ट मापनात, म्हणजे पीट किती कुजले ते सांगणाऱ्या श्रेणीत, एच-१. मूठ रिकामी होऊन सगळा लगदा बोटांमधून गेला तर एच-१०. ही चाचणी प्रयोगशाळेची नाही म्हणून तिला कमी लेखू नका. घसरण बहुधा याच तळच्या लोण्यासारख्या थरात किंवा त्याच्याखाली होते.

नेमकी इथेच सवयीची साधने दगा देतात. एसपीटीचा (रॉड जमिनीत ठोकून घाव मोजण्याच्या चाचणीचा) हातोडा पडायच्या आधीच रॉड स्वतःच्या वजनाने खाली जातात. व्हेन, म्हणजे मातीत खुपसून फिरवायचे आणि तिची ताकद मोजायचे पात्यांचे साधन, वरच्या थरात तंतूंना अडकते, त्यामुळे ताकद फुगून येते आणि तो आकडा अहवालात बिनदिक्कत छापला जातो. साधा हिशेब करून पाहा. उतार सहा अंशांचा, पीट तीन मीटर, म्हणजे तळाशी सरकवणारा ताण ३ किलोपास्कलच्या जरा वर. त्यावर मीटरभर खडी टाकली की तोच ताण ५ च्या पुढे जातो. पीटची खरी ताकद ५ किलोपास्कल असेल आणि व्हेनने ती १० दाखवली असेल, तर कागदावर दुप्पट सुरक्षित असलेला उतार प्रत्यक्षात सुटलेला असतो. खोदलेले पीट काठावर रचले तरी हेच होते, म्हणून तपासणीच्या खड्ड्याचा ढीगही उताराच्या कडेला नको.

खोदाईचे यंत्र न्यायचेच तर रुंद पट्ट्यांचे, लाकडी मॅट अंथरून, आणि सळईने मोजलेल्या वाटेनेच. खड्डा घेताना वरची जिवंत हिरवळ ढेकळांनी अलग काढून ओली ठेवावी. खालचे तंतुमय पीट वेगळे, त्याखालचे काळे वेगळे. भरताना उलटा क्रम, त्याच दिवशी, आणि शेवटी हिरवळ मुळे खाली ठेवून दाबून बसवायची. थर मिसळले की तिथे शेवाळ धरत नाही. खड्ड्याच्या जागी उघडा काळा डाग राहतो आणि पावसात तो झिजत जातो.

बोअरहोल खडकापर्यंत जातो, तेव्हा ड्रिलिंगचे गढूळ पाणी टाकीत साठवायचे. ओढ्यात एक बादलीही नको. काम संपल्यावर भोक बेंटोनाइटने (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीने) बंद केले नाही तर तेच निचऱ्याची नळी बनते आणि आजूबाजूचे पीट वाळू लागते. वाटेसाठी चुनखडीची खडी वापरू नये, कारण पीट आम्लधर्मी असते आणि चुन्याने तिथली वनस्पतीच बदलते.

निविदेत सळईच्या कामाला चार दिवस आणि यंत्राला चार आठवडे लिहिलेले दिसले, तर सही करण्याआधी ते उलटे करून मागा.

आपला,
एक भूतांत्रिक अभियंता