वॅट विकत घेण्याआधी ओहम विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरात होम थिएटर कसं उभारावं यावरचा लेख वाचला. टीव्हीचा आकार, सोफ्याचं अंतर, खिडक्यांना जाड पडदे, सगळं नीट सांगितलं आहे. अ‍ॅम्प्लिफायरची मात्र दोन ओळींत बोळवण झाली आहे. त्यातली दुसरी ओळ अशी की जितके वॅट जास्त तितका आवाज दमदार, तेव्हा खिशाला परवडतील तेवढे वॅट घ्यावेत. खाली कोष्टक: मॉडेल, किंमत, वॅट. कोष्टकाला खेटून अर्ध्या पानाची जाहिरात आणि तिच्यात ठसठशीत '१०,००० वॅट पीएमपीओ' (म्हणजे म्हणे क्षणभर मिळणारी कमाल ताकद). मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही ट्रेडच्या पोरांना निवृत्त होईपर्यंत ओहमचा नियम शिकवला. हे कोणी माझ्या वर्गात फळ्यावर लिहिलं असतं तर डस्टर फेकून मारला असता. संपादकांना डस्टर मारता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी त्या दहा हजारांचं बघू. घरात टीव्हीमागे असतो तो सॉकेट ६ अँपिअरचा. २३० व्होल्ट गुणिले ६ म्हणजे १,३८० वॅट. दहा हजार वॅट स्पीकरमधून बाहेर पडायचे तर आधी भिंतीतून आत तरी यायला हवेत! दोन हजार वॅटच्या गीझरला आपण १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घेतो, आणि हे दहा हजारवालं प्रकरण मोबाइलच्या चार्जरशेजारी एक्स्टेंशन बोर्डावर चालतं.

शेजाऱ्यांचा असाच एक ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) सेट माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, आतून हे सगळे भाऊबंदच असतात. खोक्यावर ८,००० वॅट. उघडला तर आत १२-०-१२ व्होल्ट, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सगळी मिळून ७२ व्होल्ट-अँपिअर, ढोबळमानाने ७२ वॅट. अ‍ॅल्युमिनियमच्या एका पट्टीवर ओळीने स्क्रूने आवळलेल्या टीडीए २०३० आयसी, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिप. या आयसीच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) हमी दिलेली असते ती अधिक-उणे १४ व्होल्टच्या सप्लायवर, ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध) स्पीकरला १२ वॅटची आणि ८ ओहमला ८ वॅटची. तेवढेही वॅट सगळ्या आयसींनी एकदम मागितले तर तो ट्रान्सफॉर्मर आधी मान टाकेल. सतत मिळणारे खरे वॅट चाळीसच्या आसपास. आणि गंमत म्हणजे तेवढ्यावर तो सेट दहा बाय बाराच्या खोलीत बरा वाजतो. सेटबद्दल माझी तक्रार नाही, स्टिकरबद्दल आहे. पीएमपीओ कसा मोजायचा याचं कुठलंही मान्य मानक नाही. ज्याला जो आकडा सुचेल तो त्याने छापावा.

दुकानात खोक्यापेक्षा यंत्राच्या पाठीवरची बारीक अक्षरातली पट्टी वाचावी. तिथे '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ' याच्यापुढे किती वॅट वीज खातो ते लिहिलेलं असतं. हा आकडा कमाल आवाजाचा नसतो, साधारण एक-अष्टमांश ताकदीवर मोजलेला असतो, त्यामुळे त्यावरून काटेकोर हिशेब मांडता येत नाही. पण पाठीवर ६० आणि पोटावर ८,००० असेल तर काय समजायचं ते समजतं.

हे झालं स्वस्त मालाचं. खरी गंमत महागड्या एव्ही रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या होम थिएटरच्या मुख्य यंत्रात आहे. तिथे पीएमपीओ लिहीत नाहीत, '७ चॅनेल, प्रत्येकी १५० वॅट' असं सभ्यपणे लिहितात (एक चॅनेल म्हणजे एका स्पीकरची वाट). बारीक टीप वाचली तर कळतं की हे १५० वॅट ६ ओहमला, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) होईपर्यंत पिळून आणि एकच चॅनेल चालू ठेवून मोजलेले आहेत. दहा टक्के डिस्टॉर्शन म्हणजे सतारीचा पत्रा होतो. तोच रिसीव्हर ८ ओहमला, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, नाममात्र डिस्टॉर्शनवर आणि दोन चॅनेल चालवून मोजला की ८०-९० वॅटवर येतो. सातही चॅनेल एकदम चालवले तर त्याहूनही खाली, कारण आत ट्रान्सफॉर्मर एकच. एका टाकीवर सात नळ: एक सोडला तर धार, सगळे सोडले तर करंगळीएवढी. म्हणून 'किती वॅट' हा प्रश्न अर्धाच आहे. किती ओहमला, किती डिस्टॉर्शनवर, किती चॅनेल एकदम चालवून, हे विचारल्याशिवाय वॅटच्या आकड्याला काही अर्थ नाही.

अमेरिकेतही असाच बाजार भरला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियमच केला की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट जाहीर करायचे तर सतत मिळणारे सांगा आणि कसे मोजले तेही सांगा. पळवाटा निघाल्या, म्हणून २०२४ मध्ये तो नियम आणखी आवळला: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत. आपल्याकडे २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीची सोय झाली, पण ती सुरक्षिततेची. शॉक बसतो का, आग लागते का, ते बघतात. खोक्यावरचे वॅट खरे का, हे त्यात येत नाही.

आता निवडायचं कसं, ते लेखात यायला हवं होतं. सुरुवात अ‍ॅम्प्लिफायरपासून करायचीच नाही. आधी स्पीकर, मग खोली, मग बसायची जागा, आणि उरेल त्यातून अ‍ॅम्प्लिफायर.

माझ्या भाच्याने कराडला घर बांधलं. चौदा बाय वीसचा हॉल, रिसीव्हर आणि स्पीकर आणून झालेले. "मावशी, दोनशे वॅट पर चॅनेलचा वेगळा पॉवर अ‍ॅम्प बघून ठेवलाय. लाखाच्या वर जातोय, पण घेऊनच टाकतो." पॉवर अ‍ॅम्प म्हणजे स्पीकरला नुसती ताकद देणारा सुटा अ‍ॅम्प्लिफायर. म्हटलं, थांब. स्पीकरच्या मागे लिहिलं होतं: ८ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज. सोफा तीन मीटरवर. उघड्या मैदानात तेवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबल गळाले असते, खोलीत भिंती थोडा आवाज परत देतात, म्हणून आठ धरले. उरले ८०. दहा वॅटला ९०, शंभर वॅटला १००. त्याच्या त्या दोनशे वॅटला किती? १०३. लाखभर रुपये मोजून तीन डेसिबल, म्हणजे कान देऊन ऐकला तर कळेल एवढा फरक. आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात, दुप्पट नव्हे. हे एक वाक्य प्रत्येक दुकानात फ्रेम करून लावायला हवं.

पोराचा कागदावर विश्वास बसेना. मग माझा जुना मल्टीमीटर एसी व्होल्टवर टाकून डाव्या स्पीकरच्या टर्मिनलला लावला आणि त्याला म्हटलं, तुला हवा तेवढ्या आवाजात सिनेमा लाव. संवाद चालू असताना काटा दोन व्होल्टच्या आत-बाहेर. दोनाचा वर्ग चार, भागिले आठ: अर्धा वॅट. आतून आमच्या ताईने "अरे, बहिरे झालात का?" म्हणून हाक घातली, तेव्हा अर्धाच वॅट खर्च होत होता. अर्थात काटा सरासरी दाखवतो, धमाके त्याला पकडता येत नाहीत. सिनेमात संवादांच्या पातळीपेक्षा धमाके वीसेक डेसिबल वर जातात, म्हणजे शंभरपट ताकद. अर्ध्याची शंभरपट पन्नास. त्याचा रिसीव्हर ८ ओहमला दोन चॅनेल चालवून नव्वद देत होता. पॉवर अ‍ॅम्प रद्द.

त्याऐवजी रिसीव्हरच्या मेनूत जाऊन सगळे स्पीकर 'स्मॉल' केले आणि ८० हर्ट्झखालचं सगळं सबवूफरकडे वळवलं. लोकांना हजारो रुपयांच्या स्पीकरला 'स्मॉल' म्हणणं जिवावर येतं. पण ताकद सगळ्यात जास्त खातो तो खर्ज, आणि सबवूफरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. खर्ज तिकडे गेला की रिसीव्हरच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. फुकटात.

वेगळा पॉवर अ‍ॅम्प लागतच नाही असं मी म्हणत नाही. स्पीकर ४ ओहमचे असतील तर तेवढ्याच व्होल्टला करंट दुप्पट मागतात आणि मध्यम किमतीचा रिसीव्हर तापून 'प्रोटेक्ट' दाखवत बंद पडतो. सेन्सिटिव्हिटी ८४ असेल तर त्याच आवाजाला ८८ च्या स्पीकरपेक्षा अडीचपट वॅट लागतात. हॉल खूपच मोठा असेल तेव्हाही. अशा वेळी जरूर घ्यावा, फक्त आपल्या रिसीव्हरला मागे प्री-आउटची (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी) भोकं आहेत का ते आधी बघावं, नाहीतर नवा अ‍ॅम्प नुसता कपाटावर बसतो. आणि त्याचे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला १७०-१८० लिहिलं असेल तर आतला सप्लाय दणकट आहे. ४ ओहमचा आकडाच दिला नसेल, तर का दिला नाही ते विक्रेत्याला विचारावं. तो विषय बदलून केबल दाखवू लागेल. मीटरला हजारो रुपयांची केबलही घेऊ नये. घरातल्या अंतराला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी दुपदरी वायर बास होते.

कमी वॅटच्या अ‍ॅम्पने स्पीकर जळत नाहीत, ही एक समजूत पक्की बसलेली आहे. जळतात. छोटा अ‍ॅम्प ताकदीबाहेर पिळला की लाटेची टोकं कापली जातात, सरासरी ताकद वाढते, वरच्या पट्टीतला कचराही वाढतो आणि बिचारा ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जातो. आवाज कर्कश झाला की व्हॉल्यूम खाली घ्यायचा, हा त्यावरचा उपाय. खोक्यावरचे वॅट स्पीकरच्या वॅटशी तंतोतंत जुळवत बसण्याची गरज नाही.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोड्यांचे बोर्ड मिळतात, त्यावरून जुळवलेले अ‍ॅम्पही विकले जातात. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांची घरं त्यावर चालतात, त्यामुळे मी त्यांना नाक मुरडणार नाही. चांगल्या हाताने केलेला असेल तर मस्त वाजतो. पण स्पीकर प्रोटेक्शन आहे का, हे विचारून घ्यावं. एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सप्लायचा डीसी सरळ वूफरच्या (खर्जाच्या स्पीकरच्या) कॉइलमध्ये घुसतो, आणि मग आधी वास येतो, नंतर धूर. प्रोटेक्शनचा रिले (आपोआप चालणारा स्विच) असलेला अ‍ॅम्प चालू केला की दोन-तीन सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येतो, त्यानंतर गाणं. तो 'टक्' ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जागेचंही तसंच. एबी आणि डी हे अ‍ॅम्पच्या सर्किटचे दोन प्रकार. एबी वर्गाचा अ‍ॅम्प खाल्लेल्या विजेचा मोठा वाटा उष्णता म्हणून बाहेर टाकतो. डी वर्गाचा बराच थंड राहतो, म्हणून फर्निचरवाल्याने काचेचं दार असलेलं युनिट केलंच असेल तर तो बरा. आपल्याकडे अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि फुलदाणीत पाणी असा थाट असतो. वर वीतभर जागा मोकळी सोडा, म्हणून मी सांगत असते आणि लोक हो म्हणून पुन्हा रुमाल घालतात.

आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल लिहिलेले आहेत. खालच्या मजल्यावरचे आजोबा वॅट विचारत नाहीत, बेल वाजवतात.

आता आपल्याकडे मागणं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि ग्राहकाला १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पीएमपीओच्या जाहिराती छापू नका, असं मी सांगितलं तर तुमचा जाहिरात विभाग माझं पत्र टोपलीत टाकेल, म्हणून सांगत नाही. निदान तुमचं स्वतःचं कोष्टक तरी दुरुस्त करा. दसऱ्याच्या आधी खरेदीची पुरवणी निघतेच. त्यात वॅटच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने घाला: किती ओहमला, किती टक्के डिस्टॉर्शनवर, किती चॅनेल चालवून. ज्या कंपनीने ही माहिती दिली नसेल तिच्यापुढे रकाना कोरा सोडा. जागा कमी पडली तर 'आकर्षक एलईडी लाइट' हा रकाना काढायला माझी हरकत नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (रेडिओ-टीव्ही ट्रेड),
सातारा