तुमची सुट्टी, आमची शाळा

वडगाव, बेळगाव
पितृपंधरवडा

प्रिय शुभे,

तुझं पत्र मिळालं. काल आमच्याकडे म्हाळ होता. वडे, खीर, कढी सगळं आवरेपर्यंत पाठ धरली होती. आज जरा मोकळीक आहे म्हणून लिहायला बसले.

‘दिवाळीत पोरांना घेऊन आठवडाभर येते, तुझ्या दोघांनाही सुट्टीच असेल,’ असं लिहिलंयस. नसते गं! पुण्याची झालीस आणि विसरलीस बघ. आमच्याकडे मोठी सुट्टी दसऱ्याची. दिवाळीला जेमतेम सणापुरते दिवस मिळतात. तुमच्याकडे नेमकं उलट. उन्हाळ्यातही तेच. आमची पोरं एप्रिलच्या दहाला निकाल घेऊन मोकळी होतात आणि मे संपता संपता शाळेची घंटा वाजते, तेव्हा तुमची कुठे आंब्याला हात घालत असतात. माझी नणंद इचलकरंजीला, मावसबहीण गडहिंग्लजला. गडहिंग्लज म्हणजे काय लांब आहे का? पण पोरांना चार दिवस एकत्र खेळवायचं तर दोन राज्यांची कॅलेंडरं शेजारी शेजारी मांडून बसावं लागतं. सीमाप्रश्न म्हणजे काय, हे मला खरं कळलं ते पोरं शाळेत जायला लागल्यावर.

तरी तू ये. दिवाळीतच ये. फक्त आधीच सांगून ठेवते, तुझी दोघं अंगणात किल्ला करत बसणार आणि माझी दोघं सकाळी दप्तर अडकवून शाळेला जाणार. त्या वेळची रडारड तू आवरायची. मी डबे भरत असेन.

किल्ला आमच्याकडे दसऱ्याच्या सुट्टीतच सुरू होतो. पाया सुट्टीत होतो, आणि शाळा सुरू झाली की उरलेलं काम रोज संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात. आधी विटा, दगड, फुटकी कौलं यांचा ढीग रचायचा. मग जुनी गोणपाटं पातळ चिखलात बुडवून त्यावर पांघरायची. नुसती माती लिंपली तर दुसऱ्या दिवशी उन्हानं तडकते, गोणपाट चिखल धरून ठेवतं. आतली माती आम्ही येळ्ळूर रस्त्याकडच्या शेतातून आणतो, पण वरचा हात लाल मातीचाच पाहिजे म्हणून माझा भाऊ खानापूरहून पोतंभर लाल माती पाठवतो, बहिणीला वाण पाठवावं तसं. एसटीच्या कंडक्टरनं एकदा विचारलं म्हणे, ‘यात काय आहे?’ भाऊ म्हणाला, ‘डोंगर.’

तटाखाली हळीव पेरायचं. भिजवून टाकलं की तीन-चार दिवसांत हिरवं लुसलुशीत येतं. पाणी मात्र बोटांनी शिंपडायचं. मागल्या वर्षी चिमीनं माया येऊन तांब्याच ओतला. सगळं बी वाहून पायथ्याशी जमलं, डोंगर बोडका आणि दरवाजासमोर जंगल. थोरला दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मग त्यानंच त्या जंगलात वाघ ठेवला आणि प्रश्न मिटला.

यंदा भांडण वेगळं आहे. थोरला पावसाच्या आधी ह्यांच्याबरोबर राजहंसगड चढून आला. तिथं २०२३ साली महाराजांचा मोठा पुतळा बसवलाय, तो बघून आल्यापासून त्याला राजहंसगडच करायचाय, पुतळ्यासकट. आबांचं म्हणणं, ‘किल्ला करायचा तर राजगड. तीन माच्या, मधे बालेकिल्ला, तो करून दाखवा मग बोला.’ सुवेळा, संजीवनी, पद्मावती अशी नावं घेऊन ते काठीनं जमिनीवर आकृती काढून दाखवतात. चिमीला दोन्हीशी देणंघेणं नाही. तिचा एकच प्रश्न, ‘महाराज जेवतात कुठं?’ कुणी उत्तर दिलं नाही म्हणून तिनं आपली भातुकलीची चूल आणून ठेवलीय. सिंहासनाच्या मागं लावणार आहे. आबांना अजून सांगितलेलं नाही.

दिवाळीच्या पुढंमागं १ नोव्हेंबर येतो, तेही आत्ताच सांगते, कारण तुझी पोरं विचारतील. मागल्या वर्षी त्या दिवशी सकाळी थोरला शाळेत कर्नाटक राज्योत्सवाच्या नाचाला गेला, गळ्यात लाल-पिवळा पट्टा, बाईंनी सगळ्यांना दिलेला. त्याच वेळी आबा काळा शर्ट घालून सायकल फेरीला. १९५६ साली राज्यं झाली तेव्हापासूनचा काळा दिन तो, तुला काय सांगायचं, तुझे बाबाही जायचे की. दुपारी दोघंही घामाघूम होऊन एकदमच दारात. आत्तींनी, माझ्या सासूबाईंनी, काही न बोलता दोघांना शेजारी शेजारी वाढलं. जेवता जेवता पोरानं विचारलं, ‘आबा, काळा शर्ट का घातलासा?’ आबा म्हणाले, ‘एक जुनं मागणं आहे बाळा, ते विसरू नये म्हणून.’ हा भाकरी मोडत म्हणतो, ‘मग रुमालाला गाठ मारायची की!’ आबा हसले. आत्ती हसल्या नाहीत. जेवण झाल्यावर थोरल्याला आबांच्याच पुढे नाच करून दाखवायचा होता. त्यांनी बघितला. ताल चुकतोय तेही सांगितलं.

तू विचारलंस, चिमी आता झोपते का नीट. झोपते, पण तिची झोप विजेवर आहे. आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे दोन यंत्रमाग चालतात, ते तुला आठवत असेल. बाळंतपण झालं तेव्हा सगळे म्हणाले, पोर माहेरीच ठेव, त्या खडखडाटात ते झोपायचं कसं? पण इकडे आणल्यावर झालं भलतंच. माग सुरू असला की ही गाढ झोपायची. लाईट गेली, माग थांबला, की दचकून उठून टाहो. मग शेजारच्या आजी, आमच्या अव्वा, सुताच्या कांड्या भरायच्या सोडून यायच्या, लाईट नसल्यामुळं त्यांचंही काम अडलेलंच असायचं. चिमीला मांडीवर आडवी घेऊन कन्नडातून काहीतरी गुणगुणत बसायच्या. लाईट आली, माग सुरू झाला, की पोर झोपी आणि अव्वा परत कांड्यांवर. मी मधल्या मधे एक कप चहा पिऊन घ्यायची. अजूनही खानापूरला माहेरी गेलं की चिमी रात्री टक्क जागी. ‘आई, इथं आवाज का नाही?’ बाहेर रातकिडे कान किटवत असतात, पण तो तिच्या हिशेबी आवाज नव्हे.

अव्वांनी तिला निम्मी वाढवलीय म्हटलं तरी चालेल. ज्येष्ठ अमावास्येला त्यांच्या घरी मातीचे बैल करतात, मण्णेत्तिन अमावास्या. यंदा चिमीनंही तिथं बसून बैलजोडी केली. एकाची मान वाकडी, दुसऱ्याला शिंगं इतकी मोठी की तो उभाच राहीना, पुढं कलंडायचा. अव्वांनी पोटाखाली काडी लावून टेकवला. संध्याकाळी ती जोडी आमच्या देव्हाऱ्यात आली. आत्तींनी कुरकुर केली, ‘आपला बेंदूर वेगळा असतो,’ म्हणाल्या, आणि मग हळदकुंकू वाहिलं. नागपंचमीला अव्वांच्या तुळईला झोका बांधला की आमची दोघं घरी जेवायला येत नाहीत, शेंगदाण्याचे नि तिळाचे लाडू खाऊन पोट भरलेलं असतं. कुणाकडं कुठल्या भाषेत हट्ट करायचा हे चिमीला न शिकवता येतं. पैसे मागायचे ते आबांकडे मराठीत, लाडू मागायचा तो अव्वांकडे कन्नडात. थोरला मराठी शाळेत आहे, पण कन्नड पहिलीपासून आहेच. त्याचा कन्नडचा गृहपाठ अव्वांची सून बघते आणि मी तिच्या पोराची गणितं. दोघींनाही वाटतं आपल्यालाच सोपं काम मिळालंय.

पाण्याचा दिवस तुझ्या मुक्कामात हमखास येईल. गावातल्या काही भागांत चोवीस तास पाणी झालंय, आमच्या गल्लीला मात्र अजून पाळी. पहाटे कधीतरी नळ फुसफुसतो, आणि कुणीतरी गल्लीच्या तोंडाशी ‘पाणी आलं’ म्हणून ओरडतं. मग घागरी, बॅरल, बादल्या, आमटीची पातेलीसुद्धा. मोठ्यांची तारांबळ आणि पोरांचा सण. पाईप धरायचं काम थोरल्याचं. तो अर्धं पाणी बॅरलात आणि अर्धं बहिणीवर सोडतो. एरवी आंघोळीला ओरडून ओरडून न्यावी लागणारी पोरं त्या पहाटे कुडकुडत उघडी नाचतात. तुझी पोरं तो दिवस विसरायची नाहीत. गीझरचं बटण दाबणाऱ्यांना जरा कळू दे.

३१ डिसेंबरला आला असतात तर ओल्डमॅनही दाखवला असता. अजून पोरं तसाच करतात, गवत भरलेला, मुखवटा लावलेला, चौकात खुर्चीवर बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पैसे मागतात आणि रात्री बाराला जाळतात. कॅम्पात तर दोन पुरुष उंचीचे असतात. गेल्या खेपेला आमच्या गल्लीतल्या ओल्डमॅनच्या अंगात ह्यांची उद्यमबागेत कामाला घालून जायची पँट होती. हे सकाळी शोधत होते. चिमी शांतपणे म्हणाली, ‘ती काल जळली.’

तू आणखी एक विचारलंस, दिवसभर पोरांच्यात राहून कंटाळा येत नाही का. येतो की. न यायला काय झालं? संध्याकाळी सहा ते आठ तर मी कुणाची आई आहे हेच विसरावंसं वाटतं. एकाला पाढे म्हणायचे नसतात, एकीला भात नको असतो, आत्तींची मालिका, आबांची बातमी, गॅसवर दूध. रात्री दहाला सगळी झोपली की मी मशीन उघडते. शहापूरच्या दुकानांतून पिको-फॉलच्या साड्या येतात. तो तासभर मला कुणाचं बोलणं खपत नाही, ह्यांचंसुद्धा. पैसे मिळतात ते वेगळंच, पण एका सरळ रेषेत काहीतरी पुढं सरकताना दिसतं, त्याचं बरं वाटतं. दिवसभर घरात एकही गोष्ट सरळ रेषेत जात नाही. तू आलीस की त्या वेळी शेजारी बस आणि बोल, तुला सूट आहे.

आता तुझ्या यादीबद्दल. किल्ला, कमल बस्तीचं जैन मंदिर, कपिलेश्वर, राजहंसगड, गोकाकचा धबधबा, वर खानापूरहून कणकुंबीला मलप्रभेचा उगम, हे सगळं आठवड्यात? पोरं मोटारीतच झोपतील. गोकाक तर काढूनच टाक. घटप्रभा तिथं १७० फूट कोसळते हे खरं, पण बघायला यायचं तर जुलै-ऑगस्टात. दिवाळीपर्यंत पाणी उतरलेलं असतं आणि तुझी पोरं विचारतील, ‘एवढाच?’ कमल बस्ती किल्ल्यातच आहे, तासाभरात होते, छताचं ते दगडी कमळ मान वर करून बघितलं की झालं. राजहंसगड थोरला दाखवेल, त्याला आता कुणाला तरी दाखवायचाच आहे. बाकी दिवस घरीच राहा. चित्ररथ बघायचे असतील तर वैशाखातल्या आपल्या शिवजयंतीला परत ये, तेव्हा आम्हाला सुट्टी असते, आणि चुकून तुम्हालाही.

येताना दुपारच्या वंदे भारतनं ये, ती आता बेळगावला थांबते. आठवड्यातून तीनच दिवस आहे, वार बघून तिकीट काढ. रात्री जेवायला घरी पोचशील. हे स्टेशनवर येतील. बसनं आलीस तर निपाणीच्या पुढं फोन कर म्हणजे मी भाकरी टाकायला घेते. कुंदा इथूनच नेशील, तिकडून मिठाई आणू नकोस, आबांना साखर आहे आणि ते चोरून खातात. जुनी गोणपाटं मिळाली तर आण, आता सगळं प्लॅस्टिकच्या पोत्यांतून येतं, आणि त्यावर चिखल ठरत नाही.

आत्ती विचारताहेत, तुझी पोरं तिखट खातात का? शेंगाचटणी कुटायला घेतलीय, खात नसतील तर थोडी वेगळी काढतील. लगेच कळव.

तुझी,
मंदा