मावशींची पट्टी

बोपोडी, पुणे
रविवार, रात्री साडेनऊ

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद आणि जय ख्रिस्त.

गेल्या रविवारी खराडीला तुमच्या नव्या चर्चच्या उपासनेला आलो आणि तिसऱ्या गाण्याला उठून बाहेर गेलो, हे तू स्टेजवरून पाहिलंस. रात्री तुझा मेसेज आला, "पप्पा, आवडलं नाही का?" मी नुसता अंगठा पाठवला. तुझी आई म्हणाली, जन्मभर फॅक्टरीत रिपोर्ट लिहिलेत, पोरीला चार ओळी लिहायला काय होतंय? फोनवर बोललो की आपल्या दोघांचीही पट्टी चढते, म्हणून कागदावर.

आधी एक सांगून टाकतो. गिटारला माझी हरकत नाही. ड्रमलाही नाही. त्या निळ्या-जांभळ्या लाइटांचंही सोड, नाताळात आपणही चर्चवर माळा सोडतोच. माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. माझ्या शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले होते, मनापासून गात असणार. पण तीन गाणी होईपर्यंत त्यांचा आवाज मला एकदाही ऐकू आला नाही. माझाही मला आला नाही. तू जिला ई म्हणतेस ती माझ्या पेटीवरची पांढरी तीन. त्या पट्टीत तुमचं धृपद तार गंधारापर्यंत जातं. माइकवरचा मुलगा पंचविशीतला, तो चढतो आरामात. माझ्या वयाच्या माणसाने काय करायचं? मी गप्प उभा राहिलो. मग वाटलं, गप्पच उभं राहायचं तर बाहेर झाडाखाली हवा तरी आहे.

आता आपल्या तिसऱ्या बाकावरच्या मावशी आठव. तीस वर्षं त्या अर्धा सूर खाली गातायत. मी पेटीवर काळी एक धरली की त्या पांढऱ्या एकवर, ठाम. लहानपणी तू माझ्याकडे बघून हसायचीस आणि आई तुला चिमटा काढायची. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या रविवारी पहिलं गायन कधी नव्हे इतकं सुरात झालं आणि दुसऱ्या कडव्याला बायकांच्या बाजूला माना वळायला लागल्या. पाळकसाहेब संदेशाला उभे राहायच्या आत सगळ्या मंडळीला कळलं होतं की मावशींचं काहीतरी बिघडलंय. दुपारी चार जणी डबे घेऊन त्यांच्या घरी. तुमच्या हॉलमध्ये त्या आल्या नसत्या तर कुणाला कधी कळलं असतं? हा टोमणा नाही. म्हणजे थोडा आहे.

पण तू म्हणशील, पप्पांचं झालं सुरू, जुनं ते सोनं. तसं नाही, कारण जुनं म्हणजे किती जुनं, हे आपल्याच घरात बघ. तुझे खापरपणजोबा राहुरीकडचे. त्यांच्या चर्चमध्ये पहिल्यांदा ढोलकी-झांजेवर गायन झालं तेव्हा ते उठून बाहेर गेले होते. आजोबा ही गोष्ट रंगवून सांगायचे. ढोलकी तमाशाची, झांज विठोबाची, ते सगळं मागे टाकून आपण आलो आणि आता देवाच्या घरात तेच पुन्हा? त्यांना हवी होती साहेबाच्या चालीची गायनं, उभं राहून, पुस्तक हातात धरून. म्हणजे उठून जायची खोड आपल्या रक्तातलीच, फक्त वाद्य बदललं.

आणि ती ढोलकीवरची गायनं कोणती? आज आपण 'आपली जुनी गायनं' म्हणून ज्यांच्यासाठी भांडतो तीच. मिशनऱ्यांनी आधी विलायती चालींत मराठी शब्द बसवले. मग सांगळे, टिळक अशा मराठी ख्रिस्ती कवींनी पदं, अभंग, कीर्तन चर्चमध्ये आणलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, ते वारले १९१९ साली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांची गायनं त्या काळातलं नवं संगीतच होतं की. तसं म्हटलं तर तीही नवी नव्हेत. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सने गोव्यात १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत.

मी तर पेटीवाला. माझी ही पेटी कुठली? हार्मोनियम पॅरिसची, १८४० च्या सुमाराची. आपल्या रेडिओने तिला परकी, बेसूर ठरवून १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली होती. आणि ज्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी पुण्यात शाळा काढल्या, त्यांच्या स्वतःच्या देशातल्या चर्चात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑर्गन चालत नव्हता. त्याला ते 'शिट्ट्यांची पेटी' म्हणून हिणवायचे. इंग्लंडात आयझॅक वॉट्सची गीतं १७०७ साली निघाली, तेव्हा तिथल्या कित्येकांचं म्हणणं होतं की उपासनेत दाविदाची स्तोत्रं गावीत, माणसाने रचलेलं कशाला? आज वॉट्स म्हणजे जुन्यातला जुना. गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा विलायतेच्या, पण आता त्या पेठेच्याच वाटतात.

तुमच्याकडे हात वर करून, रडून, सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करतात, त्याला आमच्या चर्चच्या पंच कमिटीत 'अमेरिकन फॅड' म्हणतात. मीही म्हणायचो. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली हेच झालं होतं. अमेरिका राहिली बाजूला, दौंडच्या गाडीच्या वाटेवरचं स्टेशन आहे ते.

तेव्हा नवं-जुनं हा माझा मुद्दा नाही. पण तुमच्या मराठी गाण्यांचं एक सांगू? इंग्रजी किंवा हिंदी गाण्याची चाल तशीच ठेवून तुम्ही त्यात मराठी कोंबता. परवाच्या गाण्यात 'दया' शब्द होता. 'द' लघु, 'या' गुरू. तुमच्या चालीत 'द'वर चार मात्रा आणि 'या' गिळलेली. ऐकू आलं 'दाया'. देवा, तुझ्या दाया अपार! एवढ्या दाया असत्या तर सरकारी दवाखान्यात बाळंतिणींची रांग लागली नसती. मी हसू दाबत होतो, तेही तुला स्टेजवरून दिसलं असेल. मात्र घरी येऊन मी आपलं गायनांचं पुस्तक, 'उपासना संगीत', काढलं आणि इंग्रजी चालीची गायनं हळू म्हणून पाहिली. तिथेही अशाच दाया आहेत गं. आमच्या कानाला त्यांची सवय झाली एवढंच. अभंग घे, ओवी घे, साकी घे, तिथे शब्द आणि चाल एकाच घरात वाढलेली असतात. तू चाली बांधतेस, तुझा हात चांगला आहे. एकदा शब्द आधी लिही, मोठ्याने म्हण, आणि तो शब्द जिकडे नेईल तिकडे चाल जाऊ दे.

दुसरी एक तक्रार मी नेहमी करायचो, की तुमच्या गाण्यांत नुसतं 'मी, मी, मला, माझं'. ती मागे घेतो. पुस्तक चाळता चाळता मोजायला बसलो आणि चाळिसाव्या 'मी'ला पेन्सिल ठेवून दिली.

आता आमचं पाप. आम्ही गायन ओढतो. चढावर बैलगाडी जावी तसं. सात कडव्यांचं गायन सुरू झालं की पाचव्याला लोक घड्याळ बघतात. शब्द असे की तू दहा वर्षांची असताना विचारलं होतंस, "पप्पा, त्वत्पदी म्हणजे काय?" आणि मी म्हणालो होतो, "गा गप्प." गा आणि गप्प, दोन्ही एकदम! 'तुझ्या पायाशी' एवढं सांगायला मला काय झालं होतं?

याहून मोठं एक आहे, ते तुझ्याशी कधी बोललो नाही. तू बारावीत होतीस. शिकवण्यांच्या पैशातून कीबोर्ड घेतलास आणि तरुण संघाने अर्ज दिला, महिन्यातून एक रविवार आम्हाला गायन घेऊ द्या. पंच कमिटी बसली. कुणीतरी म्हणालं, देवाच्या घरात ऑर्केस्ट्रा नको. कुणीतरी म्हणालं, आज कीबोर्ड, उद्या नाचतील. सेक्रेटरी मी होतो. सगळ्यांना माहीत होतं कीबोर्ड कुणाच्या पोरीचा आहे, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते, मी बोलेन म्हणून. मी वहीत लिहिलं, "विषय क्र. ४, तरुण संघाचा अर्ज. नामंजूर." माझ्याच अक्षरात आहे, अजूनही वही कपाटात असेल. तू बाहेर पायरीवर बसली होतीस, कीबोर्ड कव्हरमध्ये, मांडीवर आडवा. मी आलो आणि म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." तू काही बोलली नाहीस. स्कूटरवर मागे बसलीस, कीबोर्ड आपल्या दोघांच्या मध्ये. पुढच्या वर्षी तू खराडीला जायला लागलीस.

तुमच्या हॉलमध्ये मला माझा आवाज ऐकू आला नाही म्हणून मी उठून गेलो ना, त्या दिवशी पंच कमिटीत तो कुणालाच ऐकू आला नव्हता.

हे सगळं आता का सुचतंय, तर पोस्टातल्या काकांची मूठमाती. तू मैत्रिणींना घेऊन आली होतीस. दफनभूमीत ना पुस्तक, ना स्क्रीन, ना पेटी. ऊन रणरणत होतं आणि ओली माती उकरणाऱ्या पोरांच्या फावड्याचा आवाज मधेमधे. गायन सुरू झालं, पहिली दोन कडवी सगळ्यांनी दणकून म्हटली. तिसऱ्याला निम्मे गळाले. चौथं आलं आणि मी, चाळीस वर्षं पेटीवर तेच गायन वाजवणारा, अडलो. माझी बोटं जाणत होती, तोंड जाणत नव्हतं. ऐकतो तो फक्त दोन आवाज. वॉकर धरून उभ्या असलेल्या मावशी, आणि तू. शब्बाथ शाळेत बक्षिसासाठी पाठ करून घेतलं होतं तुझ्याकडून, ते अजून आहे तुझ्यात. मावशी नेहमीप्रमाणे अर्धा सूर खाली. पहिल्या ओळीत तू तुझ्या सुरात होतीस. दुसऱ्या ओळीला तू तुझा सूर सोडलास आणि खाली त्यांच्या सुरात गेलीस. मग त्यांचा आवाज थरथरायचा थांबला.

तीस वर्षं मी त्यांना पेटीने वर ओढायला बघतोय. खाली जायचं मला कधी सुचलं नाही.

तर आता कामाचं. मी सेक्रेटरी नाही, पण कमिटीत आहे. परवा विषय काढला. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी गायन तरुण संघ आणि पेटी मिळून घेणार, आणि तू येणार, असं सांगून टाकलं. तुला न विचारता सांगितलं, त्याबद्दल रागव. दीड तास वाद झाला. या वेळी मी बोललो, आणि बराच मोठ्याने बोललो, असं पाळकसाहेब आईला म्हणाले. कीबोर्ड मंजूर, एक गिटार मंजूर. ड्रम नाही. "त्यापेक्षा आपली ढोलकी ठेवा की," एक पंच म्हणाले, "ती आपल्या परंपरेतली." मला तुझ्या खापरपणजोबांची आठवण येऊन ठसका लागला. पाणी आणावं लागलं.

तीन गायनं घेऊ. एक देशी चालीचं, एक तुमच्यातलं, आणि एक तुझं स्वतःचं, नवीन, दाया नसलेलं. तुमच्यातलं जे असेल त्याची पट्टी उतरवायची, धृपद तार षड्जाच्या वर न्यायचं नाही. स्पीकर एकच, तोही भिंतीकडे तोंड करून. पहिल्या कडव्याला आपण दोघांनीही काही वाजवायचं नाही, मंडळीला आधी स्वतःला ऐकू दे. पेटीचा भाता दुरुस्तीला दिलाय, बुधवारी मिळेल. शनिवारी संध्याकाळी तालमीला ये, आई सांदणं करणार आहे.

काळी एक मी या वेळी सोडली. पांढरी एक धरतोय, मावशींची. त्या तेव्हाही अर्धा सूर खाली, पांढऱ्या सातवर जातील याची मला खात्री आहे. तशी तयारी ठेव.

तुझे,
पप्पा