सांदवाडीतली नवी खोली

महाल, नागपूर
6 फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर धड काही सांगून होत नाही. बाबा मधेच "स्लॅब टाकला असता तर" सुरू करतात, आई जेवलीस का विचारते, आणि मागे दादाकडचा टीव्ही ओरडत असतो. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

घरामागच्या सांदवाडीत तुमच्यासाठी बांधते आहे त्या खोलीच्या भिंती खिडकीच्या तळापर्यंत आल्या आहेत. महापालिकेकडून नकाशा मंजूर झाल्याशिवाय एक दगड हलवला नाही, तेव्हा त्याची काळजी नको.

पायाचं तुम्ही म्हणाला होतात तसंच निघालं. काळी माती संपता संपेना. साडेपाच फुटांवर मुरूम लागला तेव्हा कुठे मिस्त्रीने मान हलवली. ही माती पावसात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार. तिच्या भरवशावर दगडी भिंत उभी केली तर ती दरवर्षी थोडी थोडी हलणारच. जुन्या भिंतीकडच्या खांबांचे खड्डे एकदम उघडू दिले नाहीत. एक खणायचा, भरून घ्यायचा, मग दुसरा. सगळे एकाच वेळी उघडे ठेवले असते तर आपल्या जुन्या पायाखालची माती सुटायला वेळ लागला नसता.

आता ज्यावरून बाबा नाराज आहेत ते. नवी खोली घराला लागून आहे, पण घरावर टेकलेली नाही. आधी एक ठेकेदार पाहून गेला होता. त्याचं म्हणणं, माजघराची भिंत जागोजागी फोडायची आणि नव्या भिंतीचे दगड तिच्यात दातासारखे घुसवायचे, म्हणजे काम 'पक्कं'. आपला मिस्त्री भंडाऱ्याकडचा, कमी बोलतो. त्याने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, जुन्या भितीले हात नोका लावू जी. थे बसली हाये तिच्या जागी. नवी अजून बसाची हाये." मला तेवढं पुरलं. पणजोबांच्या वेळची भिंत जेवढी दबायची तेवढी कधीच दबून गेली आहे. नवी पहिले दोन-तीन पावसाळे दबणार. दोघींना बांधून टाकलं तर एक दुसरीला फाडणार. म्हणून मधे उभा सांधा सोडला आहे, त्यात फक्त चुना. छपराचा वरचा काठसुद्धा भिंतीत खोचायचा नाही. त्यासाठी भिंतीलगत सागवानी खांब उभे राहतील, खाली दगडी तळखडे, वर तुळई. बाहेरून सांध्याची रेघ दिसेल. दिसू दे.

सागवान नवं नाही, पाडलेल्या घरातलं आहे. लकडगंजात नव्याचे भाव ऐकून मी परत फिरले. जुन्याला खिळे फार, पण मिस्त्री प्रत्येक तुळईवर हातोडीने टकटक करत कान लावतो, आणि पोकळ वाजली की बाजूला सारतो. दगड आपल्याच घरासारखा काळा. कोणी कामठीकडचा वाळूचा दगड सुचवला होता. घडवायला मऊ, दिसायला छान, पण आपल्या घराशेजारी पाहुण्यासारखा वाटला असता. यंत्राने कापलेला गुळगुळीत दगडही घेतला नाही; हाताने टाकी मारलेला घेतला. जुन्या दगडाइतका तो काळपट दिसत नाही, आणि त्याला मुद्दाम जुनं करण्याचे उद्योग मी करणार नाही.

आई, तुला वास आला असता तर आवडलं असतं: चुन्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालतात. मुंगळे येतील का, हा तुझा प्रश्न मीच आधी विचारून घेतला. मिस्त्री हसला नाही, "चुन्यात मुंगळा मरते" म्हणाला. चुना आधी भिजवून मुरत ठेवला होता, त्यात वाळू आणि विटांची सुरखी. तो सिमेंटसारखा रात्रीत कडक होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि तोपर्यंत त्याला ओल हवी. म्हणून तर दिवाळीनंतर काम काढलं. मे महिन्यात इथल्या उन्हात चुना धरायच्या आधीच वाळून भुगा झाला असता. सध्या भिंतींवर ओली पोती आहेत आणि घराची कळा धोब्याच्या घाटासारखी झाली आहे.

बाबा, सिमेंट का नको याचं उत्तर आपल्याच माजघरात आहे. तिथे बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला, तेव्हापासून आतून लोणा लागतो आणि पोपडे सुटतात. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी दर्जांमधल्या, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधल्या, चुन्यातून बाहेर पडून वाळायची. सिमेंटने ती वाट बुजवली. एका बाजूचा गिलावा काढून चुन्याने दर्जा भरून घेतल्या आहेत. बाकीचं तुमच्यासमोर करू.

खोलीत जायचं दार माजघराच्या मागच्या खिडकीतून काढलं. वरची तुळई जिथल्या तिथे राहिली. फक्त खिडकीखालची भिंत उतरवली. भिंतीच्या पोटात काय होतं माहीत आहे? दोन्ही अंगांना तासलेले मोठे दगड, आणि मधे नुसती माती आणि चिपा. ठिकठिकाणी एखादा लांब दगड आरपार घातलेला, त्याने दोन्ही अंगं धरून ठेवलेली. नव्या भिंतीतही तसे आरपार दगड घालतो आहोत. भिंत दोन फुटांहून जाड, त्यामुळे दार कसलं, छोटा बोळच झाला आहे. बाबा, इथे मान वाकवावी लागणार नाही.

उंबरठ्यावरून आईचा रुसवा मला कळतो. पण गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाईला रात्री उठून उंबरठा ओलांडायला लावणं मला पटत नाही. दगडी उंबरठा बसवला आहे, फक्त फरशीच्या पातळीत. हळदीकुंकू लाव, रांगोळी काढ, पाय अडणार नाही. न्हाणीघरात मात्र मी सोवळं पाळलेलं नाही: तिथे सिमेंट, कमोड, धरायला दांड्या, खडबडीत फरशी. नळ नव्या भिंतीवरून उघडे नेणार आहोत. रस्ता सिमेंटचा झाल्यापासून उंच झाला आहे, म्हणून खोलीचं जोतंही त्या हिशेबाने घेतलं.

राहिलं छप्पर. स्लॅबवर पुढेमागे माडी चढवता येईल, हे दादाचं गणित. चढवणार कोण, आणि चढणार कोण? आपल्याकडे 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तुमच्या अंगावर ते ऊन परत सोडतो. म्हणून वर इंग्रजी कवेलू (मंगलोरी कौलं), खाली फळ्या, मधे हवा खेळायला जागा. माकडं कवेलू फोडतील, हे खरं. शंभरेक जास्तीचे घेऊन ठेवते. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतील, आणि फेरणारी माणसं आता शोधावी लागतात, हेही खरं. मला त्या छपराशी दरवर्षी भांडायला चालेल. खरी भीती दुसरीच आहे: नवं छप्पर जिथे जुन्या भिंतीला भिडतं तिथेच गळणार. तिथे पत्र्याची पट्टी दर्जेत खोचून वरून चुना भरणार आहोत. ते काम मी समोर उभी राहून करून घेईन.

तुमच्याकडून दोन उत्तरं हवीत. आई, तुझा पलंग मोजून लांबी-रुंदी सांग, नाहीतर न्हाणीघराचं दार त्याला अडेल. आणि बाबा, कूलरची खिडकी उत्तरेला काढू की पश्चिमेला? पश्चिमेला कूलर उन्हात तापेल, उत्तरेला शेजारच्यांच्या स्वयंपाकघराची फोडणी आत येईल. समोरच्या भिंतीत वर झरोके ठेवतेच आहे. हवा बाहेर पडायला वाट नसली तर कूलर नुसता दमट वारा फिरवत बसतो. मिस्त्री सोमवारी त्या भिंतीला हात घालणार आहे, तेव्हा रविवारपर्यंत फोन करा. टीव्ही बंद करून.

तुमची,
धाकटी