कापलेल्या पट्टीवर नाव उरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मोठ्या नणंदेच्या पायांवर सूज आली. रक्तदाबही गोळी चालू असताना वर जाऊ लागला. डॉक्टरांनी विचारले, "आजी, बीपीच्या गोळीशिवाय आणखी काय घेता?" वन्सं म्हणाल्या, "काही नाही हो, गुडघ्याची साधी गोळी." कोणती, हे त्यांना सांगता येईना. पिशवीतून त्यांनी चार चंदेरी तुकडे काढून टेबलावर ठेवले. एखादा दोन गोळ्यांचा, एखादा तीन गोळ्यांचा. एकावर किंमत होती, दुसऱ्यावर चार अर्धवट इंग्रजी अक्षरे. औषधाचे नाव एकावरही नव्हते. मी दुकानात जाऊन अख्खी पट्टी बघितली तेव्हा कळले, ती डायक्लोफेनॅक नावाची वेदनाशामक गोळी होती. तीन महिने, रोज दोन.

डॉक्टरांनी नंतर जे समजावले ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे, म्हणून लिहिते. मूत्रपिंडाला पुरेसे रक्त मिळावे म्हणून शरीर काही द्रव्ये तयार करते. दुखणे थांबवणाऱ्या या गोळ्या नेमकी तीच द्रव्ये कमी करतात. शिवाय शरीरात मीठ-पाणी साठते, त्याने सूज येते, रक्तदाब चढतो. वन्संच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध, दोन्ही आहेत. त्यात ही तिसरी गोळी पडली की मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. मूत्रपिंड नीट काम करते का हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढले होते. गोळी बंद केल्यावर काही आठवड्यांत ते उतरले. वेळेवर कळले, एवढेच.

डायक्लोफेनॅकची गोळी खरे तर 'शेड्यूल एच'मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाही. तसा इशारा पट्टीवर छापलेला असतो, पण कात्री चालली की तोही जातो. आपल्याकडे चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांची वेगळी यादी कायद्यात नाही. एच, एच१ आणि एक्स या याद्यांत जे नाही ते चिठ्ठीविना विकता येते. गिऱ्हाइकाला मात्र खोकल्याची चघळायची गोळी आणि डायक्लोफेनॅक एकाच खिडकीतून, एकाच सहजतेने मिळते. दोन्ही 'साध्या'च वाटतात.

आणि ज्या गोळ्या खरोखरच चिठ्ठीविना घेता येतात, त्यांचेही नाव कळायला हवेच. पॅरासिटामॉल घ्या. चांगले औषध आहे. पुण्यात पावसाळ्यात डेंगीची साथ असते, तेव्हा तापावर तेच घ्यावे, कारण अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. पण प्रौढ माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर ते घ्यायचे नाही. आता हिशेब करा. तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी तीनदा, म्हणजे १,९५०. सर्दीच्या गोळीतही अनेकदा ५०० पॅरासिटामॉल असते, ती तीनदा, १,५००. अंगदुखीच्या, दोन औषधे एकत्र असलेल्या गोळीत ३२५, तीनदा, ९७५. बेरीज ४,४२५. माणसाला वाटते आपण तीन आजारांवर तीन औषधे घेतली. यकृताला झालेली इजा पहिल्या दिवशी जाणवतही नाही. यकृताचा त्रास असलेल्यांना, दारू पिणाऱ्यांना आणि अशक्त वृद्धांना तर ही मर्यादा आणखी खाली आणावी लागते.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत झोप आणणारे औषधही असते. ती घेऊन लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत दुचाकी चालवणारे कितीतरी असतील, त्यांना कुणी सांगितलेले नसते.

अख्खी पट्टी घेणे सगळ्यांना परवडत नाही, हे मला कळते. दोन गोळ्या मागणाऱ्याला दोनच मिळाल्या पाहिजेत. माझे म्हणणे एवढेच की, औषध विक्रेत्यांनी पट्टीतून कापून दिलेल्या गोळ्या कागदी पाकिटात घालाव्यात आणि त्यावर औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम व मुदत लिहावी. सकाळी एक-रात्री एक अशा खुणा तर ते आजही करतात, त्यात एका ओळीची भर. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले, पण अर्ध्यावर कापलेला कोड कोणता मोबाइल वाचणार? गिऱ्हाइकांनीही कात्री लागण्याआधी अख्ख्या पट्टीचा फोटो काढून ठेवावा. ज्येष्ठ नागरिक संघांना विनंती आहे की, एखाद्या बैठकीला सभासदांना घरातला औषधांचा डबा घेऊन बोलवा आणि डॉक्टरांकडून किंवा फार्मासिस्टकडून तो तपासून घ्या. औषधाचा त्रास झाला तर सामान्य रुग्णही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतो. मला स्वतःला हे वन्संच्या आजारपणापर्यंत माहीत नव्हते.

वन्सं परवा आम्लपित्ताची गोळी आणायला गेल्या होत्या. काउंटरवरच्या मुलाने कात्री उचलली, तशा म्हणाल्या, "आधी नाव लिही बाळा, मग काप." त्याने पाकिटावर लिहून दिले. ते पाकीट त्यांनी डब्यात सगळ्यांत वर ठेवले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सिंहगड रस्ता, पुणे