विज्ञानकथेला स्मृती पुरस्कार हवा, नवी संस्था नको

संपादक महोदय,

एखादा लाडका विज्ञानकथालेखक गेला की शोकसभेतच त्याच्या नावाने संस्था काढायचे ठरते आणि नवोदितांसाठी पुरस्कार जाहीर होतो. पहिल्या वर्षी सभागृह भरते, दुसऱ्या वर्षी परीक्षकांची शोधाशोध होते आणि तिसऱ्या वर्षी निकाल लागतच नाही. २० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले. त्यांच्या नावाने काही करावेसे वाटणे साहजिक आहे. ज्यांना तसे वाटते त्यांनी नारळीकर स्वतः कथालेखक कसे झाले, ते आधी आठवावे.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरे उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस मिळाले. पुढच्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने त्यांच्याकडे कथा मागितल्या. बक्षिसाची रक्कम किती होती हे आज कोणाला विचारावेसेही वाटत नाही. स्पर्धा १९६६ पासून उभ्या असलेल्या संस्थेची होती, परीक्षकांना लेखक माहीत नव्हता आणि बक्षिसानंतर कथा मागणारा संपादक होता. नवी संस्था काढणाऱ्यांकडे सहसा यातले काहीच नसते.

आधी पैशांचे पाहू. बक्षिसे, छपाई, परीक्षकांचे मानधन आणि समारंभ धरून वर्षाला ४०,००० रुपये लागतात असे समजा. साडेसहा टक्के व्याजाने त्यासाठी सहा लाखांच्या वर ठेव हवी. महागाईसाठी या साडेसहा टक्क्यांपैकी दोन टक्के मुद्दलात परत टाकायचे, तर नऊ लाखांच्या आसपास. भावनेच्या भरात जमतात दोन लाख. त्यांचे व्याज १३,००० होते आणि ते सभागृहाच्या भाड्यातच संपते. मग मुद्दलाला हात लागतो.

कागदपत्रांचा भार वेगळाच. संस्था सोसायटी म्हणून नोंदवायला किमान ७ सभासद लागतात, शिवाय सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंद, दरवर्षी हिशेब तपासणी आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत त्या बदलाची माहिती देणारा चेंज रिपोर्ट. स्मृतिसंस्थेचे विश्वस्त बहुधा दिवंगत लेखकाच्याच वयाचे असतात. त्यातला एखादा गेला आणि चेंज रिपोर्ट राहून गेला, की बँकेत सही कोणाची चालणार इथून घोळ सुरू होतो.

स्पर्धा मरते ती मात्र बहुतेक वेळा वाचनाच्या टेबलावर. १२० कथा, प्रत्येकी अडीच हजार शब्द, म्हणजे तीन लाख शब्द. प्रत्येक कथा दोघांनी वाचायची तर २४० वाचने. सहा वाचक असले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४०. रोज चार वाचल्या तरी दहा दिवस. हे काम तीन नामवंतांवर टाकले की ते वीस कथा वाचतात आणि उरलेल्यांची पहिली पाने चाळतात.

नाव लपवणे हेही दिसते तितके सोपे नाही. पहिल्या पानावरचे नाव काढले तरी फाइलच्या माहितीत ते शिल्लक राहते. म्हणून मजकूर नव्या फाइलमध्ये उतरवून तिला फक्त क्रमांक द्यावा आणि क्रमांकांची वही परीक्षक नसलेल्या एकाच माणसाकडे ठेवावी. जुन्या फाँटमधल्या कथा उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसतात. तेव्हा ‘फक्त युनिकोड’ हे जाहिरातीतच छापावे, नाहीतर चांगली कथा निव्वळ वाचता आली नाही म्हणून बाद होते.

गुणांची सरासरी काढू नये, असे आमचे ठाम मत आहे. धाडसी कथेला एक परीक्षक ९ देतो, दुसरा ३, सरासरी ६. नीटनेटक्या, कशातच न चुकणाऱ्या कथेला दोघेही ७ देतात आणि तीच जिंकते. प्रत्येक परीक्षकाला आपल्या पसंतीची एक कथा थेट अंतिम फेरीत पाठवण्याचा हक्क द्यावा. परीक्षकांत एक वैज्ञानिक असावा, पण कथेने घेतलेल्या एका कल्पित गृहीतकासाठी तिला बाद करू नये. त्या गृहीतकाशी ती पुढे प्रामाणिक राहते का, ते पाहावे. विज्ञान काढून घेतल्यावरही कथा तशीच उभी राहत असेल, तर ती चांगली कथा असेल, विज्ञानकथा नव्हे. आणि शेवटी नायकाला स्वप्नातून जाग येते अशा कथांना कोणीतरी हे एकदा लेखी कळवायला हवे! दुसऱ्या फेरीतल्या प्रत्येकाला चार ओळींचा अभिप्राय पाठवला, तर नवोदिताला तो प्रशस्तिपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

‘नवोदित’ कोण, हेही आकड्यात लिहावे लागते. एका अमेरिकी विज्ञानकथा नियतकालिकाच्या प्रकाशकांतर्फे १९७३ पासून मतदानाने दिल्या जाणाऱ्या नवलेखक पुरस्काराला पहिल्या व्यावसायिक प्रकाशनापासून दोनच वर्षे पात्रता असते. त्याला आधी त्या नियतकालिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांचे नाव होते. २०१९ साली त्यांच्या मतांवरून वाद झाला आणि नाव बदलले, पुरस्कार मात्र चालू राहिला. मागे नियतकालिक आणि मतदानाची बसलेली घडी होती म्हणून.

तेव्हा जमलेला निधी आधीच स्पर्धा घेणाऱ्या संस्थेकडे लेखकाच्या नावाने ठेव म्हणून द्यावा. करारात तीन गोष्टी हव्यात: निकालाची तारीख, विजेती कथा कोणत्या अंकात छापणार ते, आणि लायक कथा आली नाही तर त्या वर्षी बक्षीस न देता व्याज मुद्दलात टाकण्याची मुभा. लागोपाठ दोन वर्षे स्पर्धाच झाली नाही तर ठेव कोणत्या संस्थेकडे जाईल, तिचे नावही पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.

– विज्ञानकथा स्पर्धांचे काही परीक्षक